मिलिंगच्या कॉम्प्युटरचं वेगळं बिऱ्हाड

मी दातांचे रंग जुळवतो. हे सांगितलं की लोक आधी माझ्याच दातांकडे बघतात, म्हणून हल्ली मी ते शक्य तितकं तोंड मिटून सांगतो. दातांचे डॉक्टर पेशंटचं माप घेतात आणि आमच्याकडे पाठवतात. त्यावरून आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून परत पाठवतो. नवा दात शेजारच्या दाताच्या रंगात मिसळून गेला पाहिजे, ते बघणं माझं काम. एकवीस वर्षं करतोय आणि बरं करतो. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण आठ वर्षांपूर्वी एकदा प्रिंटर अडला. सगळे भोवती गोळा झाले. मी मागचं झाकण उघडलं, आत चुरगळून बसलेला कागद ओढून काढला आणि प्रिंटर सुरू झाला. आमच्या मालकीणबाई, म्हणजे मॅडम, म्हणाल्या, "अरे वा, तुम्हाला यातलं कळतं वाटतं!"

"कागद अडकला होता," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "थोडंफार."

त्या एका शब्दाने माझा घात केला. तेव्हापासून कोणाचा कॉम्प्युटर हळू चालला की मला हाक. मी जायचो, भुवया आक्रसून पडद्याकडे बघायचो, "हं" म्हणायचो आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचो. दहातल्या सात वेळा तेवढ्याने काम व्हायचं. उरलेल्या तीन वेळा मी म्हणायचो, "याचं वय झालंय." कवळ्या बनवणारे काका मला इंजिनिअर म्हणू लागले. ते मला चिडवत होते हे मला कळायला तीन वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी ते फारसं मनावर घेतलं नाही. हाक तर इंजिनिअर अशीच येत होती ना!

आमची लॅब एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. नऊ माणसं, सहा कॉम्प्युटर. पुढे टेबल आणि फोन, मग लांबट हॉल, त्यात आमची कामाची बाकं, कोपऱ्यात भट्टी. एका बाजूला प्लास्टरची खोली, दुसऱ्या बाजूला काचेची केबिन. केबिनमध्ये मिलिंग मशीन असतं. पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरून काढणारं यंत्र. ते चालवतात आमच्या ताई. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण सगळेच त्यांना ताई म्हणतात, मीसुद्धा. बोलायला कमी. मशीनचा इतका आवाज असतो की बोलून उपयोगही नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मंगळवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटर उघडले, तर सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये अनर्थ झालेला. हा फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर असायचा, आणि सगळे तिथूनच मापांच्या फायली घ्यायचे. आता एकही फाईल उघडेना. प्रत्येकीच्या जागी तिच्याच नावाचा पोकळ शॉर्टकट. अकरा पेशंटची मापं आत अडकलेली. मॅडमनी मशीनच्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

कंपनीचा माणूस म्हणाला, "घाण तुमच्या मिलिंगच्या कॉम्प्युटरवरून येतेय. तो जुना आहे. त्यावर नवं अँटिव्हायरस चालत नाही, आणि तो बदलला तर मशीन चालणार नाही. आम्ही साफ करून देतो, पण ती पुन्हा येणार. त्याला बाकीच्या कॉम्प्युटरपासून वेगळा करा. फक्त त्याचं इंटरनेट तोडू नका. मशीन रोज सकाळी आमच्याकडे परवाना तपासतं, आणि काही बिघडलं तर आम्ही इथूनच दुरुस्त करतो."

"म्हणजे एकाच घरात वेगळं बिऱ्हाड?" मॅडमनी विचारलं.

"अगदी तसंच. त्याने बाहेर जावं-यावं, पण तुमच्या खोल्यांत डोकवू नये."

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "यासाठी कोणाला तरी बोलवू या का?"

केबिनच्या दारात उभ्या असलेल्या ताई काहीतरी बोलणार होत्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं. "कशाला? मी आहे ना."

पहिला प्रयोग मी त्याच दिवशी केला. मिलिंगच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढली आणि गुंडाळून खणात ठेवली. वेगळा करायचा होता, झाला वेगळा. लोकांना उगाच अवघड वाटतं, असा विचार करत मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने परवाना तपासायचा प्रयत्न केला, बाहेर जायला वाट सापडली नाही, आणि ते ठप्प झालं. इंटरनेट तोडू नका, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण ते कानातून डोक्यापर्यंत पोचायला मधे बराच पल्ला असावा. मी खणातून वायर काढली आणि कोणाशी नजर न मिळवता परत लावली.

मग मी अभ्यासाला बसलो. तीन संध्याकाळी घरी फोनवर व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या. बायको दोनदा खांद्यावरून डोकावून गेली.

"अहो, परीक्षा आहे का कसली?"

"ऑफिसचं नेटवर्क वेगळं करतोय."

"घरातला मिक्सर महिनाभर बंद पडलाय."

"मिक्सरची गोष्ट वेगळी."

"हो," ती म्हणाली, "मिक्सर बिघडला की निदान दिसतं तरी."

माझ्या अभ्यासातून उपाय निघाला तो असा. आमच्याकडे इंटरनेट एका राउटरमधून यायचं, आणि सगळे कॉम्प्युटर त्यालाच जोडलेले. मी दुसरा राउटर आणायचा, तो पहिल्याला जोडायचा आणि त्याच्यामागे एकटा मिलिंगचा कॉम्प्युटर लावायचा. त्याला इंटरनेट मिळेल, पण तो आमच्यातला राहणार नाही. रविवारी सकाळी मी मॅडमकडून किल्ली घेतली आणि रिकाम्या लॅबमध्ये एकट्याने ते काम केलं. गुडघे टेकून बाकाखाली शिरलो, डोकं दोनदा आपटलं, पँटला प्लास्टर लागलं. दुपारपर्यंत सगळं चालू झालं. खरं सांगतो, त्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला हात लावला नाही.

सोमवारी मी प्रात्यक्षिक दिलं. सगळ्यांना माझ्या टेबलाभोवती उभं केलं. "आता बघा, मिलिंगचा कॉम्प्युटर इथून शोधतो. दिसतोय? नाही. काकांच्या कॉम्प्युटरवरून? नाही. आणि तिकडे मशीन मात्र मजेत चाललंय." मॅडमनी टाळ्या वाजवल्या, म्हणून इतरांनीही वाजवल्या. चहाबरोबर बिस्किटं आली. यापुढे ताईंना मापांच्या फायली मेलने पाठवायच्या, असा नियम मी जाहीर केला.

पांगापांग झाल्यावर ताई आल्या. "दादा, एक सांगायचं होतं. माझ्याकडून ते जुनं..."

"जुनं सगळं विसरायचं आता, ताई."

"तसं नाही, मी चुकून क्लिक केलं तर..."

"चुकून काही होत नाही. सगळं बंद केलंय मी. निर्धास्त राहा."

त्या केबिनमध्ये परत गेल्या. मशीनचा आवाज सुरू झाला. मी त्या दुपारी एक दात रंगवायचा सोडून माझ्या कॉम्प्युटरवर एक व्हिजिटिंग कार्ड तयार केलं. नावाखाली लिहिलं, 'तंत्रज्ञान प्रमुख'. मग ते जरा साधं वाटलं, म्हणून आधी 'मुख्य' जोडलं. ते कोणाला दाखवायचं नव्हतं. फक्त कसं दिसतं ते बघायचं होतं.

शुक्रवारी फोल्डर पुन्हा तसाच झाला.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? आपण लावलेल्या वायरी पुन्हा तपासल्या असत्या. मी माणसं तपासायला निघालो. माझं काम चोख होतं हे मी गृहीत धरलं होतं, तेव्हा चूक कोणाच्या तरी हातून झालेली असणार. मी टेबलाटेबलावर फिरलो आणि काकांच्या कॉम्प्युटरला एक पेनड्राइव्ह लावलेला दिसला.

काकांबद्दल सांगायला हवं. ते चौसष्ट वर्षांचे आहेत. मी या लॅबमध्ये आलो तेव्हा मेण कसं धरायचं हे मला त्यांनीच शिकवलं. कवळीत दात बसवताना ते पेशंटचा जुना फोटो मागून घेतात आणि पुढचा एखादा दात मूळ होता तसाच किंचित वाकडा लावतात. माणसं आरशात बघून रडतात म्हणे. कॉम्प्युटरशी त्यांचं जमत नाही, पण त्यांचा मुलगा सून आणि नातीसह दूर असतो. त्याने नातीचे फोटो पेनड्राइव्हवर घालून पाठवले होते, आणि काका रोज जेवणाच्या सुट्टीत ते एकेक करून बघायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

तरी मी हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणालो, "काका, किती वेळा सांगितलं, बाहेरचं काही आणायचं नाही म्हणून? तुमच्या फोटोंपायी अख्ख्या लॅबचं काम बुडालं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पेनड्राइव्ह उपसला, माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "घ्या, इंजिनिअर." मला ते कधी अहो-जाहो करत नसत. त्या दिवशी केलं. संध्याकाळी हात धुऊन निघून गेले आणि शनिवारी आलेच नाहीत.

मी तो पेनड्राइव्ह तपासला. काही सापडलं नाही. तरीही, खबरदारी म्हणून, मी तो पूर्ण पुसून कोरा केला.

कंपनीने साफ करून दिलेला फोल्डर सोमवारी तिसऱ्यांदा बिघडला. काका घरी होते, पेनड्राइव्ह माझ्या खणात कुलपात होता. आता संशय घ्यायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं, तरी मी तासभर पुढच्या टेबलावर फोन घेणाऱ्या मुलींवर घेऊन बघितला. दरम्यान फोन वाजत होता. एका निवृत्त गायनशिक्षिकेची कवळी काकांच्या बाकावर अर्धवट पडली होती. "मला गायचं नाहीये हो," त्या फोनवर म्हणत होत्या, "नीट बोलता तरी येऊ दे." मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

तेवढ्यात ताईंनी मशीन बंद केलं. एवढ्या गजबजीत ती शांतता एकदम कानात भरली. त्या केबिनच्या दारातून म्हणाल्या, "दादा, जरा आत येता? आणि आज मला बोलू द्याल?"

मी गेलो. त्यांनी त्यांच्या पडद्यावरचा एक जुना शॉर्टकट दाबला. माझा सामायिक फोल्डर समोर उघडला. आत मापांच्या फायली, माझ्या शेड्सच्या नोंदी, आणि सगळ्यांत वर, 'मुख्य तंत्रज्ञान प्रमुख'.

"हे पहिल्या सोमवारपासून उघडतंय," ताई म्हणाल्या. "तेच सांगायला आले होते."

"पण आम्हाला तुमचा कॉम्प्युटर दिसत नाही..."

"तुम्हाला मी दिसत नाही. मला तुम्ही सगळे दिसता." त्यांनी काचेतून समोर बोट दाखवलं. "ती प्लास्टरची खोली आहे ना, तिला आतून कडी आहे. तुम्ही आत जाऊन कडी लावलीत तर बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही. पण तुम्हाला हवं तेव्हा बाहेर येऊन सगळीकडे फिरता येतं. राउटर तसंच करतो. त्याच्यामागे जो बसतो त्याला तो सांभाळतो. तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला कडीच्या आत बसवलंत."

म्हणजे आठ दिवस मी आजारी कॉम्प्युटरला निरोगी कॉम्प्युटरांपासून जपत होतो. त्याला कोणाचा त्रास होऊ नये अशी चोख व्यवस्था केली होती, आणि तो मात्र मोकळेपणाने आमच्याकडे येऊन घाण टाकून जात होता. आणि त्याबद्दल मी टाळ्या घेतल्या, बिस्किटं खाल्ली.

"मग आता?" मी विचारलं. कधी नव्हे तो मी खरा प्रश्न विचारला होता.

"उलटं करायचं. आपण सगळे कडीच्या आत जायचं. तो एकटा बाहेर राहील, इंटरनेटच्या दाराशी."

पुढचा दीड तास त्यांनी सांगितलं आणि मी वायरी ओढल्या. पाच कॉम्प्युटर आणि प्रिंटर नव्या राउटरच्या मागे घेतले. मिलिंगचा कॉम्प्युटर जुन्या राउटरला, एकटा. प्रिंटर अर्धा तास रुसून बसला, तोही ताईंनीच मनवला. मग त्यांनी पुन्हा तो शॉर्टकट दाबला. काही उघडलं नाही. पुन्हा दाबला, नाही. मशीनने मात्र परवाना तपासला आणि सुरळीत सुरू झालं. शेवटी त्यांनी तो शॉर्टकटही काढून टाकला.

"ताई, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी केली. इथे अर्ज केला तेव्हा लिहिलं होतं त्यात." मग म्हणाल्या, "ते कार्ड कोणाला सांगितलं नाही मी."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट कानशिलं तापली.

त्या संध्याकाळी मी काकांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, आत ये म्हणाल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. काका गॅलरीत खुर्चीवर बसून जुन्या चपलेचा पट्टा शिवत होते. मी समोर उभा राहून सुरुवात केली. "काका, झालं असं, की मी दुसरा राउटर पहिल्याच्या मागे लावला, पण त्याची दिशा..."

"ते डबे मला सांगू नकोस," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं होतं का?"

"नाही."

"सगळ्यांसमोर बोललास. आता हे गॅलरीत कशाला सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले, बाकाशी बसले आणि सगळ्यांत आधी त्या गायनशिक्षिकेची कवळी हातात घेतली. चहाच्या वेळी मी उभा राहिलो. रात्री मनात जुळवलेलं सगळं भाषण ऐनवेळी गायब झालं आणि तोंडातून निघालं, "मित्रहो, नेटवर्क ही एक..."

"मुद्द्यावर ये," काका मान वर न करता म्हणाले.

"चूक माझी होती. काकांचा काही संबंध नव्हता. मी सगळ्यांसमोर त्यांना नको ते बोललो. आणि ताई मला आधीपासून सांगत होत्या, मी ऐकून घेतलं नाही."

काकांनी कवळी खाली ठेवली. "ठीक आहे. आता माझा पेनड्राइव्ह दे."

तो मी त्यांना दिला आणि त्यात काही उरलं नाही हेही तिथेच सांगितलं. त्याहून कठीण वाक्य मी आजवर बोललेलो नाही. काकांनी तो छोटा तुकडा हातात उलटसुलट करून खिशात टाकला. मी त्यांच्या मुलाला फोन केला, सगळं खरं सांगितलं, आणि त्याने होते तेवढे फोटो पुन्हा पाठवले. पूर्वी एकतीस होते, तेवीस मिळाले. बाकीचे त्याच्याकडेही राहिले नव्हते. कुठले आठ गेले ते काकांना ठाऊक असणार. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

मॅडमनी कॉम्प्युटरचं सगळं काम ताईंकडे दिलं, पगारही वाढवला. ते कार्ड मी पुसून टाकलं. आता कोणी मला हाक मारली की मी केबिनकडे बोट दाखवतो. सवय जायला वेळ लागला. पहिले दोन महिने बोट दाखवता दाखवता मी "पण बंद करून चालू करून बघितलंत का?" असं म्हणून घ्यायचोच.

यंदा कंपनीने मशीन बदललं आणि नवा कॉम्प्युटर बसवायला त्यांचा माणूस आला. त्याने वायरी बघितल्या आणि विचारलं, "ही मांडणी कोणी केली? अगदी बरोबर आहे."

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी सांगितलं, आणि काकांनी मधे पडून आधीची मांडणीही सांगितली, अगदी टाळ्यांसकट. तो माणूस पोट धरून हसला. मग मला उदास बघून म्हणाला, "अहो, ही चूक फार जण करतात. आठवड्याला एक तरी फोन येतो."

ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की घरी गेल्यावर बूट काढायच्या आधी मी ते बायकोला सांगितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुमच्यासारखे अजून आहेत?"